तिकिटाच्या कागदावर

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात
अख्ख्या जिंतूरची लेकरं माझ्या मशीनवर येऊन बसतात.
दोनशे साठ गणवेश,
काजवाला सोपान नेमका सासुरवाडीला,
आणि शाळा उद्यावर आली तेव्हा ध्यानात आलं,
घरातलंच एक माप घ्यायचं राहिलं.

रात्री साडेबाराला मी बबडीला झोपेत मोजलं.
खांदा साडेनऊ.
छातीभोवती टेप फिरवला तशी हसली,
कूस बदलली, टेप घेऊन गेली अंगाखाली.
ठाण संपलेलं. उरल्या तुकड्यांतून पाठ जोडली.
जोड आतून घेतला, कुणाला दिसत नाही.
मला दिसतो.

तारामतीनं एक दिवसाची रजा मागितली होती.
डेपोतले साहेब म्हणाले,
मॅडम, आता रजा कुठली,
शाळा सुरू व्हायल्यात, पासवाल्यांची गर्दी आहे.
हे तिनं सांगितलं आणि दोघंही हसलो.
मग ती हसायची थांबली.

पहाटे पावणेपाचला गेली.
ओट्यावर चिठ्ठी, तिकिटाच्या रोलच्या शेपटावर;
आमचा संसार आता त्याच कागदावर चालतो.
'भेंडी चिरून ठेवलीय. वेणी घट्ट घाल.
बाटलीचं बूच पाहून घे, गळतंय.
रडली तरी लगेच घरी आणू नको.'

भेंडी करपली. गूळ-पोळी दिली.
वेणी झाली नाड्यासारखी;
हात नाड्याचा, केसांचा नाही.

शाळेत बाई हजेरी घेत होत्या.
'मनस्विनी उद्धव बगाडे?'
आमची बबडी इकडंतिकडं पाहू लागली,
कोण ही मनस्विनी,
डबा वाटून खाईल का.
खिडकीतून मी बोटानं खूण केली: तूच.
माझ्याकडं अशी पाहायली
जसं तिला न विचारता
मी कुणाच्या तरी नावावर करून टाकलं.

साडेअकराची परभणी शाळेवरून जाते.
गयासभाईंनी कधी नव्हे ती गाडी हळू केली,
दोनदा हॉर्न.
अख्खी शाळा वळून पाहत होती, आमची सोडून.
आमची बाटलीचं बूच फिरवत बसलेली.
दारात तारामती, हातात मशीन,
'परभणी, परभणी' ओरडली म्हणे,
आत सगळे बसलेले असताना.

पुढचे दिवस कसे गेले विचारू नका.
बबडी दुपारी कटिंगच्या टेबलाखाली झोपते,
केसांत दोरे घेऊन उठते.
'पप्पा, आज आई सकाळची का रात्रीची?'
तिला वार येत नाहीत अजून. पाळ्या येतात.
शेजारच्या रुक्साना आपानं कितीदा जेवू घातलं.
एकदा मी तिला शाळेतच विसरलो,
बरोबर चाळीस मिनिटं.
फाटकाच्या पायरीवर बसून
माझं नाव काय ते शिपायाला सांगत होती,
माझं, तिचं नाही.
तारामतीला हे अजून सांगितलं नाही.

जुलैत एकदा
आठव्या दिवसाचं पाणी नवव्या रात्री आलं.
दुकान तसंच टाकून धावलो,
पिंप, घागरी, शेवटी कुकरसुद्धा भरला,
बबडी तांब्यानं माझ्या पायांवर निम्मं.
तारामतीची दुसरी पाळी, यायला अकरा.
चिठ्ठी लिहू म्हणत भिंतीला टेकलो
आणि तसाच झोपलो.

सकाळी ओट्यावर फुलपात्राखाली
तिकिटाचा कागद.
पेन्सिल दाबून दाबून, ळ उलटा पडलेला:
नळ.
काना नाही, मात्रा नाही,
बाईंनी तेवढंच शिकवलंय अजून,
कमळ, बदक, नळ.

खाली तारामतीचं अक्षर.
'वाचलं. पिंपावर झाकण ठेवलं. आई.'

मला उद्देशून त्यात काही नव्हतं.
मी कागद होता तसा फुलपात्राखाली सरकवला
आणि राहिलेली बटणं लावायला बसलो.