मिठाची वही

या वहीत आधी पोती असायची.
माघात किती, फाल्गुनात किती,
आगरवाड्यात येऊन कोणता गाडीवाला पैसे बुडवून गेला.
आता उजव्या पानावर सुलक्षाचं वजन,
रोज सकाळचं, चहाच्या आधी.

बाळ अकरा दिवसांचं असताना
ती भिंतीला टेकून, बसूनच झोपायला लागली.
आडवी झाली की खोकला.
पायावर बोट दाबलं तर
ओल्या आगरात टाच रुतावी तसा खड्डा.
आम्ही म्हणालो, बाळंतिणीचे पाय सुजतातच.
आम्ही म्हणजे मी.

बांबोळीला डॉक्टर कुतिन्होंनी पडद्यावर दाखवलं:
करड्या धुक्यात काहीतरी
आळसावून मिटत होतं, उघडत होतं.
पंचवीस टक्के, त्या म्हणाल्या.
शंभरातले?
चांगल्या हृदयाचेही साठच्या आसपास असतात.
तेवढ्यानेही हिशेब जरा बरा वाटला.

पाणी फुप्फुसात का चढतं
ते मला समजवावं लागलं नाही.
खाजणाची मानस मीच राखतो.
मानशीच्या फळ्या ढिल्या पडल्या,
ओहोटीला पाणी उतरलं नाही,
की बांधाच्या आत भात उभ्याउभ्या गुदमरतं.

लघवीची गोळी. पोटात इंजेक्शन.
एक अर्धी गोळी, दर पंधरवड्याला थोडी वाढणारी.
आणि एक, दूध बंद करायची.
ती तिने तासभर मुठीत धरली.
पलीकडच्या खाटेवर कुणाचं तरी मूल रडलं,
हिचं पोलकं भिजलं,
मग तिने गिळली.

मीठ जपून, डॉक्टर म्हणाल्या,
आणि माझ्या हातांकडे पाहून थांबल्या.
भेगांत पांढरं होतं.
काम काय करता?

मी तिच्याबरोबर अळणी पेज जेवतो,
वर दोन आमसुलं.
मग आगरावर जाऊन बोट चाटतो.
हे तिला माहीत आहे.

दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा.
दोनदा केला.
दुसऱ्या मुलाचं विचारलं तिने, मी नव्हे,
तर डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली
आणि उत्तर सावकाश दिलं.

आषाढात पडद्यावर एक्केचाळीस.
गोळ्या त्याच, बंद करायच्या नाहीत.
पावसात डावं पान कोरंच असतं.

आज ती बाळाला घेऊन काट्यावर चढली,
मग बाळ माझ्या हातात दिलं
आणि परत चढली. चोपन्न. कालच्याइतकंच.
वजाबाकी मी केली:
सहा किलो चारशे.
कुठल्या पानावर लिहू?