दोन पेन्सिल सेल

थंडर बेमध्ये उणे एकतीस.
पहाटे आयली लेहतिनेनला जाग आली
ती आवाजाने नाही,
तळघरातली भट्टी गप्प झाल्याने.

भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा चेहरा कोरा.
नखाने झाकण उचकटलं. आत चिकटपट्टीवर
रैनोचं अक्षर : बदलले, ऑक्टोबर.
साल लिहायचा कंटाळा, नेहमीसारखा.

खण उपसले. रबरबँड, मासेमारीचे जुने परवाने,
कुठल्या कुलपाची कोण जाणे, एक किल्ली.
सेल नाहीत. दुकान आठला उघडतं,
पाइप तोवर थांबत नाहीत.

मग नजर गेली जिन्यातल्या प्लास्टिकच्या माशावर.
माणूस दिसला की शेपूट आपटून गाणारा.
रैनोनेच आणलेला, सेलमधून, दात काढत.
अकरा वर्षं तिने त्याला शिव्या घातल्या,
माशाला, आणि बरोबरीने रैनोलाही.

पाठ उघडायला घेतली तर गायलाच मेला,
अर्ध्या ओळीपर्यंत.

प्लस इकडे, मायनस तिकडे. खट्.
आकडा उमटला : नऊ.
खाली धप्प करून जाळाने पेट घेतला.

गाऊनवर कोट चढवून ती पायरीवर बसली,
मासा मांडीवर, तोंड उघडंच राहिलेला.
"गप्प बस," ती म्हणाली,
सवयीने.