दोन आणि तीन

तिबिलिसीच्या एलियावा बाजारात
सायलेन्सर आणि नळांच्या दुकानांमागे
नाझिब्रोलाचं पत्र्याचं खोपटं.
आत फक्त केबली.
खिळ्यांना लटकलेल्या, वेटोळं घालून निजलेल्या,
काही इतक्या जुन्या की हात लावला
तर बोटांना चिकटतात, पाघळलेल्या गुळासारख्या.

मी कामाला लागलो तेव्हा पहिला महिनाभर
तिने मला नुसती तोंडं ओळखायला लावली.
जांभळं गोल तोंड कीबोर्डचं, हिरवं माउसचं,
घडण एकच, पण अदलाबदल केलीस तर दोघंही मुके.
निळं, पंधरा सुयांचं, पडद्याचं.
पंचवीस सुयांचा रुंद जबडा प्रिंटरचा,
त्याच्या दोन्ही कानांशी स्क्रू,
जुन्या सोयरिकीसारखे:
बसताना सहज, सोडवताना नखं तुटतात.
आणि हे नवं, चपटं, दोन्हीकडून सारखं,
ह्याला उलट-सुलट नाही, ती म्हणाली,
म्हणून ह्याच्यावर चिडताही येत नाही.

मग एकदा, बिस्किटाचा पुडा फोडत:
आत गेलं म्हणजे जुळलं, असं समजू नकोस.

फेब्रुवारीत एल्गुजा आला,
टोपीवरचा बर्फ न झटकताच बोलू लागला.
बायकोचं, ग्वांत्साचं, भरतकामाचं यंत्र.
पाद्र्यांचे झगे, शाळेच्या टोप्या, बाप्तिस्म्याचे टॉवेल.
नक्षी जुन्या कॉम्प्युटरातून यंत्रात उतरायची
आणि मधली केबल
ह्याने साफसफाईत फेकून दिली.
"काळी होती. वाटलं, कशाचीच नसेल."
तीन दिवस ती त्याच्याशी बोललेली नव्हती.

नाझिब्रोलाने ढिगातून एक ओढून दिली, नऊ सुयांची.
दुसऱ्या दिवशी तीच घेऊन तो दारात.
बसते. स्क्रू लागतात.
यंत्र ढिम्म.

तिने केबल उजेडात धरली, चुकचुकली,
आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर
दोन चौकोन काढले, समोरासमोर.
"सरळ आहे ही. चूक माझी.
कॉम्प्युटर बोलतो तिसऱ्या सुईवरून.
तुमचं यंत्रही तिसरीवरूनच बोलतं.
म्हणजे एका तारेवर दोन तोंडं, एकमेकांवर आदळत,
आणि दुसऱ्या तारेवर दोन कान,
टवकारलेले,
तिथे कुणीच काही म्हणत नाही."

एल्गुजा बराच वेळ त्या कडेकडे बघत राहिला.
बाहेर कुणी तरी पत्रा कापत होतं.
"आणि ही पाचवी?"
"ती जमीन. दोघांना मिळून एकच लागते.
तिला हात लावायचा नाही."

तिने केबल मधोमध कापली.
मला वाटलं, आता ओरडतो हा; तो ओरडला नाही.
राळेचा धूर, कथलाचे चकचकीत थेंब,
इकडची दोन तिकडच्या तीनला,
इकडची तीन तिकडच्या दोनला,
मधे एक फुली,
वर काळी चिकटपट्टी, जखमेवरच्यासारखी.
जाताना त्याच्या मुठीत तिने चिठ्ठी कोंबली: ९६००.
"दोन्हीकडे वेग हाच ठेवा.
नाही तर आवाज पोचेल, अर्थ पोचणार नाही."

आठ दिवस तो फिरकला नाही.
मी मधल्या काळात दोन स्कॅनर विकले,
एकाची केबल न देता, म्हणून शिव्याही खाल्ल्या.

मग आला. खिशातून हातरुमाल काढून
त्याने काउंटरवर पसरला: द्राक्षांचा घड,
अर्धा जांभळा, उरलेला हिरवा.
"जांभळा दोरा संपला," तो म्हणाला,
"ती म्हणाली, राहू दे, पिकतील."

आणि पिशवीतून, जपून, केबल बाहेर काढली.
"ग्वांत्साने निरोप दिलाय.
मधूनच एखादा टाका गळतो.
ती म्हणते, दोन-तीन ठीक आहेत,
पाचवी ढिली आहे. जमीन."

नाझिब्रोला हसली नाही.
तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला,
पट्टी सोलली, बोटाने ती तार हलकेच ओढली.
तार हातात आली.

"बाईला कळतं," ती म्हणाली,
आणि मला खूण केली:
इस्त्री तापव.
मी कपड्यांची इस्त्री शोधू लागलो.
"डाग द्यायची रे," एल्गुजाच म्हणाला.