तीन बोटं

उदगीरच्या चौबाऱ्यातून खाली उतरलं की
तांबटांच्या दुकानांमागं दवाखाना होता, निळ्या दाराचा.
मी रसूल, तिथला कंपाउंडर.
कागदाच्या पट्ट्या कातरून
बाटल्यांना खुराकांचे दात चिकटवायचो.
डॉक्टरीण होत्या निलांबिका हुडगे,
उर्दूतून डॉक्टरकी शिकून आलेल्या,
अख्ख्या जिल्ह्यात पहिल्या.
गळ्यात इष्टलिंग, वर लोंबणारी तपासायची नळी.

पहिले सहा महिने बायका यायच्या
त्या नुसत्या बघायला.
डॉक्टर बाई असती व्हय? म्हणून
लुगड्याला हात लावून जायच्या.
मग एका रात्री हेरहून बैलगाडी आली,
पोराचा पाय आधी बाहेर.
सकाळी बाळंतिणीचा सासरा
चिंचेचं एक गाठोडं उंबऱ्यावर ठेवून गेला,
आणि दुपारी दार पुरेना.

मला त्यांनी घड्याळ दिलं, छातीला उलटं टाचायचं,
नि माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून म्हणाल्या,
असं धर. मोज. जेवढं लागतंय तेवढंच लिही.
एकदा घाईत मी ऐंशीच्या जागी नव्वद लिहिलं.
आठ दिवस बोलल्या नाहीत.

पटकी आली त्या साली
तहसिलीतून निरोप आला, नऊ लिहा,
वर नऊच कळवलेत.
आमच्या रजिस्टरात एकसष्ट.
आकडे उर्दूत, नावं मराठीत.
तीन लेकरांचं नाव ठेवायचं राहिलेलं,
तिथं बाईंनी आयांची नावं लिहिलेली.
पेशकार म्हणाला, पान फाडा.
बाईंनी रजिस्टर जुन्या लुगड्यात बांधलं
नि हैदराबादची गाडी धरली.
तिकीट मीच काढलं होतं.
परतीचं काढलं नाही. तेवढे पैसे नव्हते.

लोक म्हणतात, तिथून राजकारण सुरू झालं.
मला त्यातलं काय कळतंय.
त्या एकसष्ट नावं वाचत गेल्या, एवढंच ठाऊक.
कचेरीत, मग तुरुंगात, मग सभांमधून,
मग निवडून गेल्यावर दिल्लीत, उभं राहून,
घंटा वाजत राहिली तरी
शेवटच्या नावापर्यंत.

पुढं मंत्री झाल्या.
पेपरात फोटो आला की पोस्टमास्तर दाखवायला आणायचा.
एकदा कुठल्या तरी देशाचा पाव्हणा, उंच, गोरा,
बाईंनी त्याचा हात हातात घेतलेला.
काय रुबाबात हात मिळवायल्यात बघ, मास्तर म्हणाला.
मी बोटं बघितली.
तीन. मनगटावर.
बाई नाडी बघायलत्या.
(महिन्याभरात तो पाव्हणा वारला म्हणं.)

गावात नळ आला. कोनशिलेवर बाईंचं नाव.
चार दिवस पाणी येईना, आलं तर गढूळ,
ते मी पत्रानं कळवायचो.
उत्तर यायचं एका ओळीचं,
सरकारी सिंहाच्या कागदावर, हातानं लिहिलेलं:
बघते. तोवर उकळून प्या.

शेवटचं आल्या तवा अठरा गाड्या होत्या.
हार, बँड, फोटोवाले निळ्या दारापर्यंत.
बाईंनी आत येऊन दार लावून घेतलं,
रोग्यांच्या बाकड्यावर बसल्या
आणि हात पुढं केला.
मोज, रसूल.

मी घड्याळ काढलं. बोटं ठेवली.
लागायचं, मग गप्प, मग लागोपाठ दोनदा,
लेंडीचं पाणी उन्हाळ्यात खडकाआडून चालतं, तसं.
बाहेर बँडवाल्यांनी दुसरं गाणं धरलं.
मिनिट संपलं तरी मी बोटं काढली नव्हती.

बाहेर कुणी विचारलं तर बहात्तर सांग, बाई म्हणाल्या.

आणि रजिस्टरात?

चष्म्यावरून बघितलं माझ्याकडं,
त्या आठ दिवसांत बघायच्या तसं.
मी टाक बुडवला.
जेवढं लागलं
तेवढंच लिहिलं.