शिंकेची जागा

हॉलचे पत्रे बदलत होते,
म्हणून नाटकाची तालीम शिंत्र्यांच्या रिकाम्या वखारीत.
रिकामी म्हणायची एवढंच. तंबाखू गेली तरी
निपाणीत भिंतींना वास राहतोच.

राजा झालेली अक्काताई खोत
"प्रधानजी" म्हणायची आणि शिंकायची.
रोज. त्याच शब्दावर.
हिरेमठ सरांनी वहीत खूण केली,
राहू दे, इथं जरा थांबायचं.
मग प्रधान थांबायला शिकला, भालदारही,
आणि मी, पडद्याच्या दोरीपाशी,
मनात दोन आकडे मोजायला.

स्नेहसंमेलनाला हॉल धुतलेला, फिनेलचा वास.
"प्रधानजी..."
शिंक नाही.
एक, दोन. तीन.
पुठ्ठ्याचा मुकुट हलेना.
सर विंगेतून कुजबुजले, "मुंद हेळ!"
घाबरले की ते कन्नडमध्येच घाबरत.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत
वखारीतून तशीच आलेली तिची आई
पदर झटकून बसली,
आणि शेजारच्या बाईला शिंक आली.
खणखणीत.

अक्काताईनं मान वळवली नाही.
"राज्यात सगळं क्षेम आहे ना?"
तिनं विचारलं.