तीन महिन्यांचा उतारा

ग्रिम्सबीत, गालिच्यांच्या दुकानावर माझं ऑफिस.
जिन्यात नव्या लोकरीचा वास,
आणि वारा गोदीकडून असला तर मासळीचा.
लोक वर येतात ते घर मागायला.
मी आधी उतारा मागते.

मे महिन्यात कर्टिस ब्लँचर्डने तो फोनवरच काढून दिला,
तीन महिने, अंगठ्याने सरकवत.
टॅमसिन शेजारी बसलेली, मांडीवर त्या घराचा फोटो:
दोन खोल्या वर, दोन खाली, मागे एक नासपतीचं झाड
जे तिने मनातल्या मनात केव्हाच छाटून ठेवलं होतं.

मासळीच्या कारखान्याचा पगार, जमा.
डिझेल. नर्सरीची फी.
दर चार तारखेला फुलांचं दुकान, म्हणजे कुणाचं तरी थडगं.
वाचणाऱ्याला सगळं कळतं, या कामातली लाज हीच.
आणि मग रात्री दोन वाजून तेरा मिनिटं: दहा पौंड, नावे.
दोन एकोणीस: दहा.
दोन एकवीस: वीस.
दोन बावीस.
कंपनीचं नाव असं, की वाटावं मुलांच्या खेळण्यांचं दुकान.

मध्येच एकदा तीनशे चाळीस, जमा.
तिथे त्याचा अंगठा थांबला.
"हे धरता येईल का?" त्याने विचारलं,
परीक्षेत एकच उत्तर बरोबर आलेल्या मुलासारखं.
मी म्हटलं, बँक याला कमाई म्हणत नाही.
तिसऱ्या दिवशी ते तीनशे चाळीस
आले तसे गेले होते, जाताना आणखी साठ घेऊन.

टॅमसिन काही बोलली नाही.
तिने फोटोची घडी घातली. घडी नेमकी झाडावर पडली.

मी समजावलं, रोज कुणाला ना कुणाला समजावते तसं:
एखाददुसरा डाव कुणी मनावर घेत नाही,
घोड्यांच्या मोठ्या शर्यतीला पाच पौंड अख्खा गाव लावतो.
पण हप्त्याच्या आदल्या दिवशी खातं कोरडं,
पगाराच्या रात्रीच झोप नाही,
खड्डा बुजवायला क्रेडिट कार्डावरून काढलेली रोकड,
हे सगळं एका रांगेत आलं की
तिकडे लीड्समध्ये कुणी अनोळखी बाई चष्मा पुसते
आणि दुसरी फाइल ओढते.
सगळ्या बँका सारख्या नसतात, हेही सांगितलं.
सहा महिने जाऊ दे. मग ये.

सांगताना मला माझा बाप आठवत होता.
दर शनिवारी कुत्र्यांच्या शर्यतीला जायचा,
पैसे या खिशातून त्या खिशात, कागद कुठेच नाही.
त्याला घर मिळालं, पंचवीस वर्षांच्या हप्त्यांवर.
त्याचा उतारा फक्त आईला वाचता यायचा,
फाटक कसं लागलं त्यावरून.

नोव्हेंबरात ते परत आले.
तो बारीक झालेला. तिच्या हातात दुसराच फोटो,
झाडाचं घर केव्हाच कुणीतरी घेतलं होतं.
मी सरकवू लागले.
पगार. डिझेल. नर्सरी. पाव. चार तारखेची फुलं.
खेळण्यांच्या दुकानासारखं नाव कुठेही नाही.
आणि रात्री दोन वाजून तेरा मिनिटं.
या वेळी माझा अंगठा थांबला.
एक पौंड पंचेचाळीस. हमरस्त्यावरचा पेट्रोल पंप.
दोन रात्रींनी पुन्हा, एक पंचेचाळीस.
पुढच्या आठवड्यात चारदा.

मी वर पाहिलं.
"दूध," तो म्हणाला. "जाग तर येतेच."
"फ्रिजमध्ये जागा उरली नाही," टॅमसिन म्हणाली,
"दर रविवारी भाताची खीर करते,
शेजारी वाटते. आता तेही दार उघडत नाहीत."
आणि दोघं हसली, आधी ती,
मग जरा उशिराने तो.

अर्जात एक रकाना असतो: नियमित खर्च.
मी त्यात दूध लिहिलं.
लीड्सची बाई विचारेल, इतकं?
विचारू दे.