सहावं भोक

कामा नदी गोठली की चिस्तोपोलच्या बाजारात
लोक घरातलं उरलंसुरलं मांडून बसतात.
इल्गिझारनं तिथंच घेतलं हे चौदावं :
निळी तबकडी, काच चरे पडलेली,
दिवसाला चार मिनिटं मागे.
विकणारी म्हणाली, चावी सकाळीच द्या, सवय आहे.
घड्याळाला, की कुणाला, त्यानं विचारलं नाही.

घरी पट्ट्यांचा डबा उपडा केला.
कॅनव्हास नको. स्टीलचा मनगटाचे केस ओढतो.
तपकिरी ठरला, घोड्याच्या कातड्याचा, अजून करकरणारा.

पिना काढताना जुना पट्टा दिव्याखाली आला.
कारखान्याची भोकं पाच.
पुढे सहावं, तापल्या खिळ्यानं पाडलेलं,
सातवं जरा तिरकं,
आठवं थेट घड्याळाला टेकलेलं.
एक माणूस
भोकाभोकानं कमी होत गेलेला.

इल्गिझारनं तो आपल्या हाताला लावून पाहिला.
तिसऱ्यात बसला.
ओढून ओढून सहाव्यापर्यंत नेला,
बोटं निळी पडली, तेव्हा सोडला.

नवा पट्टा छान दिसतो, झुल्फिया म्हणाली.
जुना डब्यात गेला, सगळ्यांच्या खाली.

सकाळी, चहाच्याही आधी, त्यानं चावी दिली.
चार मिनिटं
तशीच राहू दिली.